अपंगांचे अक्षर आणि चळवळीची जबाबदारी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हेलन केलर यांची गोष्ट शाळेच्या पुस्तकातून बहुतेकांच्या वाचनात आलेली असते. आंधळी आणि बहिरी मुलगी. पंपाचे पाणी तिच्या एका हातावर पडत आहे, दुसऱ्या तळहातावर शिक्षिका बोटांच्या खुणांनी त्या पाण्याचे नाव लिहीत आहे. आणि वस्तूला नाव असते हे त्या मुलीला एकाएकी उमगते. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावी १८८७ च्या एप्रिलमध्ये घडलेली ही घटना. पाठ्यपुस्तक येथेच थांबते. वाचायला शिकलेल्या या मुलीने पुढे काय वाचले, हे ते सांगत नाही.

तिने समाजवाद वाचला. १९०९ साली हेलन केलर अमेरिकेच्या समाजवादी पक्षाच्या सभासद झाल्या. अंधत्वाच्या कारणांचा शोध घेताना त्यांच्या ध्यानात आले की, त्यांतील कितीतरी अंधत्व दैवाने आलेले नसून कारखान्यांतील निष्काळजीपणातून आणि दारिद्र्यातून आलेले आहे. त्यांनी हे उघडपणे मांडताच, पूर्वी त्यांच्या बुद्धीची मुक्तकंठाने स्तुती करणाऱ्या ब्रुकलिनच्या एका दैनिकाच्या संपादकाने लिहिले की, या चुका त्यांच्या व्यंगामुळे आलेल्या मर्यादांतून उद्भवल्या आहेत! केलर यांनी १९१२ साली एका समाजवादी वृत्तपत्रातून त्याला खणखणीत उत्तर दिले. स्तुती करताना ज्याला त्यांचे आंधळेपण आठवले नाही, त्याला ते मतभेद होताच आठवले, हे त्यांनी नेमके दाखवून दिले.

हा प्रसंग केवळ इतिहास म्हणून सांगितलेला नाही. अपंगाने वाचावे, पण मत बाळगू नये, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. किंबहुना त्याला वाचायला न शिकवण्यामागेही तीच असते. सरकारदरबारी २०१५ नंतर 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला. नाव दिव्य झाले म्हणून कोणाच्या हाती पाटी येत नाही, एवढे म्हणून तो वाद येथेच सोडावा.

केलर यांच्या शिक्षिका ॲन सुलिव्हन कोण होत्या? आयर्लंडमधून आलेल्या दरिद्री कुटुंबातली ही मुलगी. डोळे जवळजवळ गेलेले. बालपणीची काही वर्षे तिने टुक्सबरीच्या सरकारी अनाथाश्रमवजा दरिद्रालयात काढली. धाकटा भाऊ तेथेच वारला. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांसमोर तिने शाळेत जायचे आहे असे स्वतःच ओरडून सांगितले, तेव्हा कोठे १८८० साली बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेची वाट खुली झाली. वयाच्या चौदाव्या वर्षी तिने अक्षर गिरवले, आणि त्यानंतर सातच वर्षांनी ती टस्कंबियाला शिकवण्यास निघाली.

तिची पद्धती खरोखर अभ्यासण्यासारखी आहे. पहिल्या काही आठवड्यांतच ठराविक वेळी ठराविक शब्द घोकून घेणे तिने सोडून दिले. हेलनचे एक लहानसे, जेमतेम सव्वा वर्षाचे नात्यातले मूल ती न्याहाळीत होती. त्या मुलाशी घरची माणसे पूर्ण वाक्यांत बोलतात. त्याला बोलता येत नाही म्हणून कोणी बोलायचे थांबत नाही. मग हेलनच्या तळहाताशी तसेच का बोलू नये? तेव्हापासून सुलिव्हन दिवसभर तिच्या हातावर पूर्ण वाक्ये लिहू लागल्या. पुढे उठावाच्या अक्षरांच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या आल्या. बाहुली पलंगावर ठेवायची आणि तिच्या शेजारी त्याच अर्थाचे वाक्य चिठ्ठ्यांनी मांडायचे. आधी पात्रता सिद्ध कर, मग अक्षर देतो, असे त्या मुलीला कोणी म्हटले नाही.

मात्र या यशाचा हिशेबही पाहिला पाहिजे. एका विद्यार्थिनीमागे एक शिक्षिका, तीही जवळजवळ आयुष्यभर! केलर यांच्या उच्च शिक्षणाला स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या एका धनाढ्य भागीदाराने साहाय्य केले. पोलादसम्राट कार्नेगींनी देऊ केलेले वर्षासन त्यांनी आरंभी नाकारले, पण १९१३ साली ते स्वीकारावे लागले. त्यांच्यावर विसंगतीचा आरोप करणे सोपे आहे. वस्तुतः जो खर्च समाजाने सार्वजनिक तिजोरीतून करावयाचा, तो न केल्यामुळे एका समाजवादी स्त्रीला भांडवलदाराच्या दारी जावे लागले.

केलर १९५५ साली भारतात येऊन गेल्या. त्याआधीच, १९५१ मध्ये, सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल लिपी निश्चित झाली होती. लिपी मिळाली, शिक्षक मिळाले नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लक्ष होती आणि त्यांपैकी सुमारे ४५ टक्के निरक्षर होते. ५ ते १९ वयोगटातील २७ टक्के अपंग मुलांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. ज्यांना एकाहून अधिक व्यंगे आहेत त्यांच्यात हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते.

अशा मुलांना शिकवणे अशक्यच, असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याचे हात आणि वाचा दोन्ही वश नाहीत, असे मूल घ्या. त्याच्यापुढे पुठ्ठ्यावर लिहिलेली मुळाक्षरे ठेवावीत. आपल्या वर्णमालेची मांडणी या कामी विलक्षण सोयीची आहे : पाच वर्ग, प्रत्येक वर्गात पाच व्यंजने. शिक्षिका बोट फिरवीत विचारते : क-वर्ग? च-वर्ग? ट-वर्ग? त-वर्ग? मूल पापणी मिटते. मग त, थ, द, ध, न, पुन्हा पापणी. 'न' लिहून झाला. त्यानंतर क-वर्ग, क; मग स्वरांची ओळ, ओ. सहा वेळा पापणी मिटून मुलाने 'नको' हा शब्द लिहिला. ज्याला आजवर इतरांनी भरवले, उचलले, निजवले, त्याने प्रथमच नकार दिला. मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी अशा मुलांसाठी शाळा काढली, ती आपल्या मुलीमुळे. त्या कन्येने, मालिनी चिब यांनी, एका बोटाने टंकून लिहिलेले आत्मचरित्र २०१० साली प्रसिद्ध झाले.

पुठ्ठ्याला काहीच पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते शेजारी शांतपणे बसून राहणाऱ्या शिक्षिकेच्या वेतनाला, आणि नेमके तेच टाळले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिक स्तरावर दर १० आणि त्यापुढे दर १५ विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. हेतू चांगला होता. पण शिक्षकच नसेल तर 'घरी शिक्षण' याचा अर्थ घरी पडून राहणे एवढाच उरतो, आणि पटावर नाव असल्यामुळे ते मूल शाळाबाह्यांच्या यादीतही येत नाही!

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, तेव्हा त्यांचा रोख ज्ञान वरून खाली झिरपेल या धोरणावर होता. लवकर शिकतील त्यांना आधी, उशिरा शिकतील त्यांना उरले तर, हे त्याच धोरणाचे वर्गातले रूप होय. चळवळीच्या मागणीपत्रकांत वेतन, धान्य, जमीन येते. हे मूल अद्याप आलेले नाही.

सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत पालकांना स्थान आहे. तेथे बसणाऱ्या कार्यकर्त्याने पुढील बैठकीत घरी शिकणाऱ्या मुलांची यादी मागावी. प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : त्या घरी शिक्षक शेवटचा कोणत्या तारखेला गेला, आणि त्या दिवशी मुलाने कोणता शब्द लिहिला.