अर्ज मराठीत, पण लेखी



महापालिकेची घरपट्टीची नोटीस कानडीत येते आणि आजोबा ती शेजाऱ्याकडून वाचून घेतात. गटार तुंबले, नळ कोरडा राहिला, तरी आपण कट्ट्यावरच बोलतो. ‘मराठी अर्ज कोण घेणार?’ हे आपले ठरलेले उत्तर.

राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे शासनाच्या अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. उत्तर मराठीतच मिळेल अशी हमी मात्र त्यात नाही. मुले शाळेत कानडी शिकतात. घरी आलेली नोटीस त्यांनीच वाचून दाखवावी.

बेळगावात ५८ प्रभाग आहेत. प्रत्येक मंडळाने यंदा आपल्या प्रभागासाठी एक तरी मराठी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. वापरला तरच हक्क टिकतो.

गणपती बाप्पा मोरया!