मोबाइलवर मिळून शिकणें



या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं, मुलांनीं इंटरनेटच्या साह्यानें मिळून अभ्यास कसा करावा, हा विषय आम्हांकडे सोंपविण्यांत आला आहे. पालेगांवांत आज मोबाइल नसलेलें घर शोधावेंच लागेल. परंतु मोबाइल घरांत असणें निराळें आणि अभ्यासाकरितां तो मुलाच्या हातीं असणें निराळें. मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या सांथीनें शाळा बंद पडल्या व वर्ग झूम आणि गूगल मीटवर भरूं लागले, तेव्हां हें कळून चुकलें. कित्येक घरीं मुलें तीन आणि मोबाइल एक. तोहि वडिलांबरोबर कामावर जावयाचा. उरलेल्या वेळीं तो मुलग्यास मिळावा व मुलीनें थांबावें, असेंहि घडलें. बोलणें कटु आहे, पण बोललें पाहिजे.

शिवाय एकानें उत्तर लिहावें, त्याचें छायाचित्र व्हॉट्सॲपवर धाडावें व इतरांनीं तें उतरून घ्यावें, यास आम्ही मिळून शिकणें म्हणत नाहीं. ती नक्कलच, वेग तेवढा वाढला.

सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत श्री. रणजितसिंह डिसले या शिक्षकांनीं पाठ्यपुस्तकांस क्यूआर चिन्हें जोडलीं. मोबाइलनें तें चिन्ह टिपतांच धड्याची चित्रफीत वा कविता समोर येई. याहून आम्हांस त्यांचा दुसरा उपक्रम मोठा वाटतो. भारत व पाकिस्तान, इस्रायल व पॅलेस्टाईन अशा वैरी देशांतील मुलांचीं त्यांनीं इंटरनेटद्वारें एकमेकांशीं संभाषणें घडवून आणलीं. डिसेंबर २०२० मध्यें त्यांस १० लक्ष डॉलरांचें जागतिक शिक्षक पारितोषिक लाभलें; त्यांतील अर्धें त्यांनीं अंतिम फेरींतील इतर ९ शिक्षकांस वांटून दिलें.

आमच्या मुलांस इतकें दूर जावयास नको. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालूं आहे. तेथें कोणीहि लिहावें व दुसर्‍यानें सुधारावें. कोणीं काय बदललें याची नोंद राहते, वाद चर्चापानावर होतो आणि विधानास आधार मागितला जातो. गूगल डॉक्समध्येंहि चार मुलें एकाच वेळीं एका पानावर लिहूं शकतात. (साधनाच्या नांवाचा मोह मात्र नसावा; एके काळीं घरोघरीं ठाऊक असलेलें स्काइप मे २०२५ मध्यें बंद झालें.)

समजा, मुलांनीं अंबरनाथच्या शिवमंदिराविषयीं लिहावयास घेतलें. एक लिहील, हें १०६० सालचें. दुसरी विचारील, कशावरून? मग तिसर्‍यास तेथील शिलालेखाचा शोध घ्यावा लागेल. त्यांतील शकाचा आंकडा आरंभीं ७८२ असा वाचला गेला होता. मागाहून दुसर्‍या पंडितांनीं तो ९८२ ठरविला. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वीं विद्वानांनीं पत्रिकांतून केलें, तेंच आमचीं मुलें एका दुपारीं करतील. पुढें पालेगांवच्या जुन्या विहिरी, शेतांचीं नांवें, येथील म्हातार्‍यांच्या आठवणी हे विषय पडलेलेच आहेत. इमारती वाढत आहेत, सांगणारे कमी होत आहेत.

याकरितां चार मुलांमागें एक मोबाइल पुरे. दर रविवारीं मिस्सेनंतर दोन तास ज्यांस तो देतां येईल त्यांनीं द्यावा. बसावयास जागा फादर देतील अशी आम्हांस आशा आहे. पहिल्या दिवशीं मोबाइल मुलींच्या हातीं द्यावा.