खेळाडूचा खांदा : दुखण्यापलीकडचा धोका

(वार्षिक सभेतील भाषणाचा सारांश)



खेळाडूचा खांदा दुखला की स्नायू आखडला किंवा सांधा निखळला, एवढाच विचार सर्वसाधारणपणे केला जातो. परंतु हाताकडे जाणारे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या कॉलर बोन व पहिली बरगडी यांमधील अरुंद वाटेने जातात. हात वारंवार डोक्यावर नेणाऱ्या खेळाडूंमध्ये तेथे दाब पडू शकतो.

अमेरिकेतील ह्यूस्टन संघाचा बेसबॉल गोलंदाज जे. आर. रिचर्ड याने 1980 च्या मोसमात हात थकल्याची तक्रार वारंवार केली. अनेकांनी त्यास आळशी ठरविले. जुलैमधील तपासणीत हाताकडील धमनीत अडथळा आढळला आणि 30 जुलै रोजी सराव करतानाच त्यास पक्षाघाताचा झटका आला. तो वाचला, परंतु त्या सर्वोच्च स्पर्धेत पुन्हा खेळू शकला नाही.

मज्जातंतूंची इजा अधिक मूकपणे येते. व्हॉलीबॉलपटूच्या खांद्याच्या फऱ्यामागील स्नायू काही वेळा वेदनेविनाच झिजतो. कबड्डीत वा कुस्तीत खांदा निखळल्यास दंडाच्या वरच्या भागातील बाहेरील त्वचा बधिर होऊ शकते आणि हात बाजूला उचलणे कठीण जाऊ शकते. अशा बहुतेक इजा काही महिन्यांत भरून येतात. मात्र सुधारणा न दिसल्यास शस्त्रक्रियेचा विचार वेळेत व्हावा लागतो.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे, की निखळलेला खांदा मैदानावर कोणाकडूनही ओढून बसवू नये. तो बसविण्यापूर्वी व नंतर नाडी आणि संवेदना तपासणे आवश्यक असते. हात गार वा फिकट पडला, बोटे बधिर झाली, अथवा पोहणे किंवा वजन उचलणे यांनंतर संपूर्ण हात सुजून निळसर झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नीलेतील गुठळी फुफ्फुसापर्यंत जाऊ शकते.

डॉपलर सोनोग्राफी आणि मज्जातंतूंच्या चाचण्या यांनी निदानास मोठे साहाय्य होते. परंतु खर्चाच्या धास्तीने अनेक कुटुंबे त्या पुढे ढकलतात. हा विलंबच हाताचे बळ हिरावून घेतो. आपले दान तो विलंब टाळते, याची कृतज्ञ जाणीव आम्हांस आहे. खेळाडूची तक्रार ही सबब न मानता लक्षण मानावी, एवढेच आमचे मागणे आहे.