मूर्ती गाभाऱ्यात, प्रतिबिंब माणसात
(जीर्णोद्धार सोहळ्यातील प्रवचन)



मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला की मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते. मूर्ती पाण्यात ठेवतात, धान्यात ठेवतात, मंत्रांनी तिच्यात देवत्वाचे आवाहन करतात. मग तिच्यासमोर आरसा धरतात. पूजेच्या राजोपचारांतही छत्र आणि चामर यांच्या जोडीला दर्पण असतो. देवाला आरसा कशासाठी? देवाचे रूप उमटावे असा आरसा या जगात कोणता? वारकरी संतांच्या आचरणातून याचे एकच उत्तर मिळते. तो आरसा म्हणजे माणूस.

गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंतांनी जीवाला आपलाच अंश म्हटले आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 साली, ज्ञानेश्वर माउलींनी नेवाशास गीता मराठीत उलगडून सांगितली. त्यामुळे हा विचार नांगर धरणाऱ्या आणि जात्यावर बसणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचला. बायबलच्या पहिल्या अध्यायातही देवाने माणसाला आपल्या प्रतिमेप्रमाणे घडविले, असे सांगितले आहे. वाटा निराळ्या, पण खूण एकच.

आरशाला स्वतःचा उजेड नसतो. समोर जे तेज असेल तेच तो दाखवितो, आणि धूळ बसली तर सूर्य समोर असूनही काही दिसत नाही. अहंकार ही धूळ, मत्सर ही धूळ. पण सर्वांत जाड धूळ कोणती? समोरच्या माणसात देव आहे हे नाकारणे, ही ती धूळ होय. ती किती जाड असू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

संत चोखोबा मंगळवेढ्याचे. विठ्ठलाचे निस्सीम भक्त. परंतु महार म्हणून त्यांना देवळात प्रवेश नव्हता. 1338 साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही त्याखाली गाडले गेले. परंपरा अशी सांगते, की नामदेवराय तेथे गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला, त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी उचलल्या. पंढरपुरास महाद्वारासमोर, नामदेवांच्या पायरीजवळ, चोखोबांची समाधी झाली.

ही कथा नीट ध्यानात घ्यावी. नामदेवरायांनी देव कोठे ओळखला? मातीच्या ढिगाऱ्यात, भिंत बांधताना मेलेल्या एका मजुराच्या हाडांत! समाधीपासून महाद्वार अवघ्या काही पावलांवर. पण तेवढे अंतर चालून जाण्यास चोखोबांच्या बांधवांना सहाशे वर्षे लागली. त्यासाठी साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला. मुळशीच्या सत्याग्रहामुळे या तालुक्यात घरोघर ज्यांचे नाव झाले, त्या सेनापती बापटांची त्यांना साथ होती. अखेर 1 मे 1947 रोजी गुरुजींनी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषण आरंभिले. 10 मे रोजी मंदिर सर्वांना खुले करण्याचा निर्णय झाला आणि उपोषण सुटले. विठ्ठल तोच होता, वीटही तीच होती. धूळ तेवढी पुसली गेली.

दुसरे उदाहरण गाडगेबाबांचे. 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या या पुरुषाने हाती खराटा घेतला. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तनात लोकांच्या मनावरचा केर काढावा, हा त्यांचा नेम. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पंढरपुरातील एका धर्मशाळेला चोखोबांचेच नाव दिले. 1956 साली त्यांनी देह ठेवला. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याला औषध, हीच त्यांची पूजा होती.

आता नेरे गावाकडे पाहावे. तुकोबारायांचे देहू येथून फार लांब नाही. पूर्वी भाताच्या खाचरांवर जगणारा हा मुलूख. हिंजवडीचे संगणक उद्योग आल्यापासून मात्र आसपास उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या बांधण्यास मराठवाड्यातून, परप्रांतातून माणसे आली. पत्र्याच्या खोलीत ती राहतात, दुसऱ्याच्या घराच्या भिंती रचतात. चोखोबाही भिंतच रचीत होते. आज त्यांच्यासारखा एखादा मजूर, सिमेंटने भरलेल्या पायांनी, या मंदिराच्या पायरीशी आला, तर त्याला आत या म्हणणारे कोणी असेल काय? महाप्रसादाच्या पंगतीत त्याचे पान सर्वांबरोबर मांडले जाईल काय? मंदिराची खरी परीक्षा तेथे आहे.

देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली जातात, ते योग्यच आहे. घामाचा पैसा देवाच्या कामी लावणे सोपे नाही. दगड वाहणाऱ्याचे, छिन्नी चालविणाऱ्याचे, गिलावा करणाऱ्याचे नाव मात्र पाटीवर येत नाही. म्हणून ते गावाच्या स्मरणात राहावे. मूर्ती घडविणाऱ्या हातांतही तीच मूर्ती आहे.

शिखरावर कळस चढला, की दगडमातीचा जीर्णोद्धार संपतो. मनाचा जीर्णोद्धार त्यानंतर सुरू होतो आणि तो रोज करावा लागतो. सकाळी देवापुढे हात जोडावे आणि मंदिराबाहेर पडताना जो पहिला माणूस भेटेल, त्याच्यात तेच रूप पाहावे. भावकीचा वाद असेल, बांधाचे भांडण असेल, तर त्या भावाकडेही एकदा त्याच नजरेने पाहावे. एवढे साधले तर या मंदिरात झालेली प्राणप्रतिष्ठा सार्थकी लागली असे म्हणावे.

नेरे गावचा प्रत्येक उंबरा असा निर्मळ आरसा होवो, हीच भगवंताचरणी प्रार्थना.

रामकृष्ण हरि!