मांडीवरचे पुस्तक

(आष्टा येथे पालक व बालवाडी शिक्षिकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी मुळाक्षरांच्या पुस्तकात पहिल्या पानावर अननस असतो. वाळवा तालुक्यातील दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या घरात अननस क्वचितच आलेला असतो. तरीही 'अ अननसाचा' हे ते खणखणीत आवाजात म्हणते आणि घरची मंडळी पाहुण्यांसमोर कौतुकाने ते पुन्हा म्हणवून घेतात. आणखी पाच पाने उलटली की येतो 'ऊ उसाचा', आणि तेथे आष्ट्याचे मूल थांबते. चित्रात एक कांडी आणि वर चार हिरवी पाती, एवढेच काय ते असते. पण त्या मुलाने तोड पाहिलेली असते. फडातली टोळी, कोयत्याचा आवाज, बांधलेल्या मोळ्या, भरून चाललेली ट्रॉली, म्हशीपुढे टाकलेले वाढे, आजोबांनी सोलून हातात दिलेले कांडे, हे सारे त्याच्या ओठांवर आलेले असते. नेमक्या त्याच क्षणी वडीलधाऱ्यांकडून पान उलटले जाते, कारण 'ए एडक्याचा' अजून व्हायचा असतो.

लहान मुलांसाठी चित्रांचे पुस्तक कसे निवडावे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या उलटलेल्या पानात आहे.

दुकानात दोन प्रकारची पुस्तके शेजारी-शेजारी मांडलेली असतात आणि दोहोंवर रंगीत चित्रे असल्यामुळे ती एकाच जातीची वाटतात. एक प्रकार तक्त्याचा. फळे, पक्षी, वाहने, अक्षरे, आकडे. एका चित्राला एक शब्द आणि एका प्रश्नाला एकच बरोबर उत्तर. दुसरा प्रकार खऱ्या अर्थाने चित्रपुस्तकाचा. तेथे गोष्टीचा बराचसा भाग चित्र सांगते, थोडा भाग शब्द सांगतात आणि उरलेला भाग मांडीवर बसलेल्या मुलाने व त्याला घेऊन बसलेल्या माणसाने मिळून सांगायचा असतो. तक्त्याची पुस्तके वाईट नव्हेत. परंतु तेथे मूल परीक्षार्थी असते. ज्या पुस्तकात बोलायला जागा आहे ते घ्यावे. ज्यात ती नाही ते कितीही गुळगुळीत कागदावर छापलेले असले तरी दुकानातच राहू द्यावे.

ही दृष्टी बाहेरून उसनी आणण्याचे कारण नाही. युरोपात कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे मुलांसाठीचे सचित्र पुस्तक १६५८ साली निघाले आणि तेथील बालपुस्तकांचा इतिहास बहुधा तेथपासून सांगितला जातो. आपल्याकडे बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाच्या कलावंतांनी ती परंपरा आजवर राखली. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. चित्रकथीची रीत पाहण्यासारखी आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी चित्रे, त्यांच्या संचाला म्हणायचे पोथी. पण कथा चित्रावर लिहिलेली नसते. ती सांगणाऱ्याच्या कंठात असते. एक चित्र समोर धरायचे, वाद्यांच्या साथीने त्याची कथा गायची, ती संपली की पुढचे चित्र. समोरचे श्रोते रंगले तर एकाच चित्रावर कथा लांबते. मुलाला मांडीवर घेऊन पुस्तक उघडणारी आई नेमके हेच करीत असते. फक्त श्रोता एकच असतो आणि तो मध्येच उठून पाणी मागतो.

याहून जवळचे उदाहरण औंधचे. संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून सर्व जण ओळखतात. ते स्वतः चित्रकार होते आणि आपण रंगवलेल्या चित्रांचे रामायण त्यांनी १९१६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. एका राजाने रामकथेच्या चित्रांसाठी स्वतः कुंचला हाती धरला, ही सातारा-सांगलीच्या मातीतली गोष्ट आहे. त्या पार्श्वभूमीवर आज जत्रेत किंवा बसस्थानकावर मिळणारी काही 'पौराणिक' बालपुस्तके पाहावीत. हनुमंताचा चेहरा प्रत्येक पानावर निराळा, सीतामाई एखाद्या जाहिरातीतून उचललेली, रंग डोळ्यांना टोचणारे. विषय रामायणाचा आहे म्हणून पुस्तक चांगले, असे समीकरण आपण मांडतो. संस्कार कानांवर होतात तसे डोळ्यांवरही होतात, याचा तेथे आपल्याला विसर पडतो.

संस्काराचा विषय निघालाच आहे तर तो नीट बोलला पाहिजे, कारण आपल्या घरांत पुस्तक घेताना पहिला प्रश्न तोच असतो. अपेक्षा रास्त आहे. मात्र तिचा अर्थ बहुतेक वेळा शेवटच्या पानावर चौकटीत छापलेले तात्पर्य एवढाच घेतला जातो. तीन वर्षांच्या मुलाला तात्पर्य कळत नाही. आवाज बदलला, गोष्ट संपली आणि आता आपल्याला काहीतरी बजावले जात आहे, एवढे मात्र कळते. पंचतंत्राचे उदाहरण घ्या. विष्णुशर्म्याने ते राजपुत्रांना नीतिशास्त्र शिकविण्यासाठी सांगितले, असे तो ग्रंथच म्हणतो. मित्राचे काळीज मागणारी मगर, विश्वासाने आलेल्या माशांना एकेक करून खाणारा बगळा, हे व्यवहारज्ञान कळत्या मुलांसाठी आहे. अडीच वर्षांच्या मुलाला त्यातून काही मिळत असेल तर रात्री दचकणे. तीच गोष्ट अमर चित्रकथेची. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या या मालेने आपल्या कित्येक पिढ्यांना पुराणपुरुष आणि इतिहासपुरुष भेटविले, तिचे ऋण मोठे आहे. पण चौकटींचा क्रम लावणे आणि फुग्यातले संवाद वाचणे हे सात-आठ वर्षांच्या वाचकाचे काम आहे. ती पुस्तके कपाटात वरच्या फळीवर ठेवावीत. मूल उंच झाले की त्याचा हात आपोआप तेथे पोहोचेल.

मग दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी आपल्या परंपरेत काय आहे? पुष्कळ आहे. शिंक्यावरच्या लोण्यापर्यंत पोहोचण्याची खटपट करणारा बाळकृष्ण प्रत्येक घरात आहे. सूर्याला फळ समजून झेपावणारा मारुती या वयाला जितका पटतो तितका पुढे कधीच पटत नाही, कारण दिसेल ती गोल वस्तू तोंडात घालून पाहण्याचे हेच वय. सेतू बांधताना वाळूचे कण वाहणारी खार, शबरीची बोरे यांतही मुलांच्या हाताएवढीच लहान कृती आहे. या गोष्टींची चांगली काढलेली चित्रे आणि पानागणिक दोन ओळी मिळाल्या तर त्यांना तात्पर्याचे शेपूट लागत नाही.

आता भाषेचा प्रश्न, आणि तो सर्वांत नाजूक आहे. आष्ट्यात काय किंवा सांगलीत काय, मूल इंग्रजी शाळेत जाणार असे ठरले की पहिल्या वाढदिवसापासूनच इंग्रजी चित्रपुस्तके घरात येतात. ती देखणी असतात, छपाईही उत्तम असते. त्यांतील काही खरोखरच श्रेष्ठ आहेत. एरिक कार्ल यांचे १९६९ सालचे खादाड सुरवंटाचे पुस्तक साठांहून अधिक भाषांत गेले ते उगीच नव्हे. सुरवंटाने खाल्लेल्या भोकांत प्रत्येक मूल बोट घालून पाहते. परदेशी म्हणून ते टाकावे, असे कोणी म्हणणार नाही. अडचण निराळी आहे. दुपारच्या वेळी आई शाळेत, बँकेत किंवा रानात असते आणि मूल आजीजवळ असते. नातवाने इंग्रजी पुस्तक आणून पुढ्यात टाकले की आजी म्हणते, "मला कुठलं वाचाया येतंय?" आणि पुस्तक बाजूला ठेवून त्याच्या हातात मोबाईल देते. ज्या घरात बोलायला सर्वाधिक वेळ असलेले माणूसच पुस्तकापासून तुटते, तेथे ते पुस्तक शोभेचे ठरते.

त्याऐवजी तिच्या हातात शब्दच नसलेले किंवा अगदी थोडे शब्द असलेले पुस्तक देऊन पाहावे. चित्रात घर आहे, दार आहे, दारात कुत्रे आहे. "ह्यो बग कोण आलाय," अशी सुरुवात होते आणि मग सोपा येतो, परडे येते, वैरण येते, कासरा येतो, चौंडेश्वरीची भावई येते. मूल मध्येच म्हणते, कुत्र्याला भूक लागलीय. पुस्तकात ते कोठेही लिहिलेले नसते. जिला अक्षर वाचता येत नाही ती आजी तेथे चित्रकथी झालेली असते, आणि कोणत्याही क्रमिक पुस्तकात न सापडणारे शब्द नातवाच्या कानांवर पडत असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेचा आग्रह धरला आहे आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात तीन ते आठ वर्षांचा विचार आहे. त्याआधीची तीन वर्षे मुख्यतः घराची आहेत.

अभ्यासकांनीही हे तपासून पाहिले आहे. अमेरिकेत व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन ते तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांना एवढेच शिकविले की नुसते वाचून दाखवू नका. विचारा, थांबा, मूल बोलेल त्यात भर घाला. महिनाभरात ही मुले बोलण्यात इतरांच्या पुढे गेली. दोन्ही गटांना पुस्तके वाचून दाखविली जात होती. फरक फक्त थांबण्याचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांसाठी केलेल्या शिफारशींत एक वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये असे सांगितले, दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. आणि बसल्या जागी काय करावे, तर मोठ्या माणसाने वाचावे, गोष्ट सांगावी. भरवताना मोबाईल समोर धरणाऱ्या घरांना हे ऐकायला अवघड जाईल. पण पडद्यावरचे चित्र मुलासाठी थांबत नाही, कागदावरचे थांबते.

प्रत्यक्ष निवडताना काय पाहावे? दुकानात उभे राहून पुस्तकातील शब्द तळहाताने झाका आणि चित्रांवरून गोष्ट सांगता येते का पाहा. मग चित्र झाका आणि एक पान मोठ्याने वाचा. दुकानदार पाहत असला तरी वाचा. भाषांतरित पुस्तकांतील पुष्कळशी मराठी येथेच अडखळते, कारण ती कोणी बोलून पाहिलेली नसते. चित्राच्या मधोमध शिवण येऊन पात्राचा चेहरा कापला गेला असेल तर पुस्तक खाली ठेवा. नवजात बाळाला २० ते ३० सेंटीमीटरवरचे सर्वांत स्पष्ट दिसते. म्हणजे मांडीवरून आईच्या चेहऱ्यापर्यंतचे अंतर. तेव्हा पहिल्या वर्षी एका पानावर एकच ठळक चित्र, जाड पुठ्ठ्याची पाने आणि गोल कोपरे असावेत, कारण पुस्तक आधी तोंडात जाणार आहे. पिना टोचलेली पुस्तके या वयात टाळावीत. तिसऱ्या वर्षी मात्र गर्दीची चित्रे चालतात, किंबहुना आवडतात. कोपऱ्यातले मांजर मोठ्यांच्या आधी मुलालाच सापडते.

मराठीत असे काही मिळत नाही, ही तक्रार आता खरी नाही. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'सारखी पुस्तके पाहावीत. घरातील एकेक माणूस, त्याच्या सवयी, त्याचे मुलाशी असलेले नाते; लेखन त्यांचे आणि चित्रेही त्यांचीच. उपदेशाचा एक शब्द नाही आणि संपूर्ण कुटुंब त्यात आहे. शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांच्या त्या कन्या. त्यांच्या मातोश्री निर्मलाताईंनी 'वनस्थळी'च्या माध्यमातून खेड्यापाड्यांतील महिलांना बालवाडी चालविण्याचे शिक्षण दिले, हे येथे बसलेल्या शिक्षिकांना सांगण्याची आवश्यकता नाही. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, चेन्नईचे तूलिका यांची मराठी चित्रपुस्तके आहेत. वाढदिवसाच्या एका केकच्या किमतीत त्यांतील कित्येक येतात.

उणीव आहे ती पुस्तकापर्यंत पोहोचण्याची. तालुक्याच्या वाचनालयांत बालविभाग असला तर तो बहुधा कुलूपबंद कपाटात असतो. मुले फाडतील ही भीती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयातील हजारो पुस्तके पाण्यात गेली, तेव्हा महाराष्ट्रभरातून माणसे पुस्तके घेऊन धावली. पुस्तकांवर एवढी माया करणाऱ्या समाजाने चार फाटक्या पानांना भिण्याचे कारण नाही. दोन वर्षांच्या मुलाने चावलेला कोपरा ही त्या पुस्तकाच्या वाचनाची नोंदच असते. बालवाडीत सर्वांत खालच्या फळीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी वीस पुस्तके मांडली आणि डिंकाची एक बाटली जवळ ठेवली की पुरे.

आणि येत्या सुट्टीत महाबळेश्वरला जाणार असाल तर वाटेत पाचगणीजवळ भिलार आहे. २०१७ च्या मे महिन्यात ते पुस्तकांचे गाव झाले. तेथे घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत, बालसाहित्याचीही आहेत, आणि बसून वाचायला कोणी मज्जाव करीत नाही. मुलाला घेऊन तासभर बसा. त्याने आपणहून दुसऱ्यांदा मांडीवर आणून ठेवलेल्या पुस्तकाचे नाव लिहून घ्या आणि परत आल्यावर तेच विकत आणा.