लोखंडाला सुताराचे सांधे



इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीकाठी आयर्नब्रिज नावाचं गाव आहे. शेजारच्या कोलब्रुकडेलला १७०९ साली अब्राहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड गाळलं. त्याच्या नातवाने १७७९ मध्ये इथे ओतीव लोखंडाचा पूल उभारला. ओतीव लोखंडाचा एवढा मोठा पूल त्याआधी कुणी बांधला नव्हता. मग जोडायचा कसा? सुतार लाकूड जोडतात तसाच, खाचा आणि पाचरी घालून!

पुढे भट्ट्या विझल्या. १९३४ मध्ये पुलावरून वाहनं बंद झाली. पण भट्टी, फरशांचा कारखाना जपले गेले, संग्रहालयं झाली. १९८६ मध्ये हा परिसर जागतिक वारसा ठरला. आता पुलावरून पर्यटक चालतात.

मी सॉफ्टवेअर लिहिते. माझं पंधरा वर्षांपूर्वीचं काम आज कुठेही चालत नाही, ते पाहायला कुणी येणार नाही. तंत्रं कितीदा बदलली. पण नवं काही समोर आलं की हात जुन्याच सवयीने चालतो: आधी कागदावर मांडायचं, एकही पायरी गाळायची नाही, शेवटी ताळा करायचा.

सर, बाई, हे सांधे तुम्ही शिकवलेत. ते अजून धरून आहेत.