हुकलेले जगज्जेते

एखाद्या खेळाडूविषयीं बोलतांना 'पोरगा फार गुणी होता, पण वायां गेला' हें वाक्य आपण किती सहज उच्चारतों! कुस्तीच्या फडापासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत सर्वत्र तें ऐकूं येतें. मुष्टियुद्धाच्या जगांत तर अशा वायां गेलेल्यांची एक निराळीच परंपरा आहे. आणि जाणते रसिक जगज्जेत्यांच्या कथांपेक्षां यांच्याच कथा अधिक जिव्हाळ्यानें सांगतात. त्यांपैकीं तीन नांवें घेऊन, 'वायां जाणें' म्हणजे नेमकें काय, याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम या खेळांतील एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. धावण्याच्या शर्यतींत जो पुढें आला तो पहिला. तेथें वादाला जागा नाहीं. मुष्टियुद्धांतील जगज्जेतेपदाचें तसें नाहीं. जुन्या काळीं तर तें पद मिळवावयाचें म्हणजे आधीं जगज्जेत्यानेंच लढावयास रुकार दिला पाहिजे, आणि सामना भरविणाऱ्याला त्यांत पैसा दिसला पाहिजे. म्हणजे किल्ला जिंकण्यापूर्वीं किल्लेदाराची परवानगी काढावयाची!

ही परवानगी पीटर जॅक्सनला कधींच मिळाली नाहीं. वेस्ट इंडीजमधील सेंट क्रॉय बेटावर १८६१ सालीं जन्मलेला हा कृष्णवर्णी तरुण ऑस्ट्रेलियांत गेला; १८८६ सालीं तेथील अजिंक्यपद मिळवून दोन वर्षांनीं तो अमेरिकेंत आला. त्या वेळचा जगज्जेता जॉन सलिव्हन यानें काळ्या माणसाशीं लढण्याचें साफ नाकारलें. २१ मे १८९१ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें जॅक्सन जेम्स कॉर्बेटशीं ६१ फेऱ्या लढला. दोघांच्याही अंगांत त्राण उरलें नाहीं, तेव्हां पंचांनीं निकालाविनाच सामना थांबविला. पुढल्याच वर्षीं कॉर्बेटनें सलिव्हनला हरवून जगज्जेतेपद घेतलें. जॅक्सनशीं मात्र तो पुन्हां लढला नाहीं. जॅक्सनच्या वांट्याला काय आलें? रंगभूमीवर 'अंकल टॉम्स केबिन' या नाटकांत गुलाम टॉमची भूमिका! १९०१ सालीं क्वीन्सलंडमध्यें क्षयानें त्याचा अंत झाला.

सॅम लँगफर्डची कथा याहून विलक्षण आहे. हा कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांताचा, बुटका पण रुंद खांद्यांचा कृष्णवर्णी गडी. १९०६ सालीं तो जॅक जॉन्सनशीं १५ फेऱ्या लढून हरला. परंतु त्या दिवशीं तो जॉन्सनपेक्षां सुमारें ३० पौंडांनीं हलका होता. पुढें लँगफर्ड अंगानें भरला, आणि इकडे जॉन्सन १९०८ सालीं सिडनी येथें जगज्जेता झाला. हेवीवेट गटांत हा मान मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णी. आतां तरी दार उघडेल असें कोणालाही वाटावें. परंतु जॉन्सननें लँगफर्डला पुन्हां सामना दिलाच नाहीं. गोऱ्या प्रतिस्पर्ध्याशीं लढण्यांत पैसा अधिक आणि धोका कमी! जो दार फोडून आंत गेला, त्यानेंच आंतून कडी लावली. मग दाराबाहेर राहिलेल्यांनीं एकमेकांशींच पुनःपुन्हां लढावें, हा क्रम झाला. एकट्या हॅरी विल्सशीं लँगफर्ड पंधराहून अधिक वेळां लढला. एक डोळा गेला, दुसराही मंदावला, तरी तो लढतच राहिला. १९४४ सालीं ॲल लेनी या पत्रकाराला तो न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत एका खोलींत आंधळा व निष्कांचन असा सांपडला. लेनीचा लेख वाचून लोकांनीं निधि जमविला, म्हणून १९५६ सालीं मृत्यु येईपर्यंतचीं त्याचीं वर्षें निभावलीं.

आतां अगदीं उलट टोकाचें उदाहरण. पोर्तो रिकोच्या विल्फ्रेड बेनितेसपुढें सारीं दारें उघडीं होतीं. १५ व्या वर्षीं तो धंदेवाईक झाला. मार्च १९७६ मध्यें, वयाच्या अवघ्या १७ व्या वर्षीं, जगज्जेता. इतक्या लहान वयांत हें पद दुसऱ्या कोणीही मिळविलेलें नाहीं. समोरच्याचा ठोसा त्याला आधींच दिसे, म्हणून लोक त्याला 'रडार' म्हणत. पण ज्याला सर्व कांहीं न शिकतां येतें, त्याला सराव ही शिक्षा वाटते. १९७९ सालीं शुगर रे लिओनार्डशीं झुंजण्यापूर्वीं त्याच्या शिक्षकानें, म्हणजे प्रत्यक्ष वडिलांनींच, मुलानें मेहनत केलेली नाहीं असें जाहीर केलें. अखेरच्या फेरीचे सहा सेकंद उरले असतां पंचांनीं सामना थांबविला आणि पद गेलें. तीन वजनी गटांत जगज्जेता होऊनही चोविसाव्या वर्षीं त्याची उतरण लागली. तरीही तो १९९० पर्यंत लढत राहिला, आणि ठोशांनीं मेंदूला झालेल्या इजेमुळें पुढें त्याला सर्वस्वीं परावलंबी व्हावें लागलें.

या तिघांनाही आपण एकाच वाक्यांत गुंडाळतों, हा अन्याय आहे. जॅक्सन आणि लँगफर्ड वायां गेले नाहींत. त्यांना दाराबाहेर ठेवणाऱ्या समाजानें त्यांचा गुण वायां घालविला. बेनितेसनें आळस केला हें खरें. परंतु पंधरा वर्षांच्या पोराला धंद्याच्या फडांत उतरविणाऱ्या वडील मंडळींकडे त्या दोषाचा कांहींच वांटा येत नाहीं काय? त्याच्या प्रतिभेचें कौतुक करणारे पुष्कळ होते. आतां पुरे, हातमोजे उतरव, असें वेळींच बजावून ऐकावयास लावणारा कोणी भेटला नाहीं.

म्हणून यापुढें कोणाविषयीं 'वायां गेला' असें म्हणण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे. त्याच्यासाठीं दार उघडें होतें काय? आणि उघडें होतें, तर त्याला जपणारें कोणी होतें काय? हे प्रश्न केवळ मुष्टियोद्ध्यांपुरते नाहींत. आपल्या घरांतील, शाळेंतील, शेजारच्या एखाद्या गुणी मुलाविषयीं ते आजच विचारतां येतील. त्याची कथा सांगण्याची वेळ येण्यापूर्वीं.